ट्रेडमिलविना स्ट्रेस टेस्ट: तपासणीला नऊ गुण, विभागाला सात

तपासणीला दहापैकी नऊ आणि ती करणाऱ्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागाला सात. गुण आधीच सांगून टाकते. शाळेत जन्मभर शारीरिक शिक्षण शिकवलं, निकाल शेवटपर्यंत दाबून ठेवायची सवयच नाही. विभागाचं नाव मात्र लिहीत नाही. जे खटकलं ते थोड्याफार फरकाने कुठेही वाट्याला येऊ शकतं, आणि जे आवडलं ते दोन-तीन माणसांमुळे आवडलं. त्यांची नावं इथे देणं बरं दिसणार नाही.

बोलताना सगळे हिला ‘स्ट्रेस थॅलियम’ म्हणतात. माझ्या कागदावर ‘अ‍ॅडेनोसिन स्ट्रेस मायोकार्डियल परफ्युजन स्पेक्ट’ असं भलंमोठं नाव होतं आणि टोचलं ते थॅलियम नव्हे, टेक्नेशियम. दोन्ही किरणोत्सारी, रक्ताबरोबर हृदयाच्या स्नायूत जातात आणि त्यांचे किरण कॅमेरा टिपतो. काम समजायला सोपं आहे. हृदयाच्या स्नायूला रक्त कुठे नीट पोचतंय आणि कुठे कमी पडतंय, हे दोनदा बघायचं. एकदा माणूस निवांत असताना आणि एकदा औषधाने हृदयाच्या रक्तवाहिन्या पूर्ण उघडल्यावर. मग दोन्ही चित्रं एकाखाली एक लावून फरक शोधायचा.

माझ्यावर ही वेळ यायचं कारण म्हणजे जिना. एक मजला चढला की धाप लागायची आणि जबड्यात काहीतरी जड जड वाटायचं. छातीत कळ वगैरे काही नाही, त्यामुळे घरच्यांच्या मते हा दातांचा प्रश्न होता. डॉक्टरांना तसं वाटलं नाही. बायकांमध्ये हृदयाचं दुखणं बऱ्याचदा असं आडवळणाने येतं म्हणाले. साधा ईसीजी अधांतरी होता, धड चांगला नाही आणि धड वाईटही नाही. ट्रेडमिल टेस्टचा विषय निघाला तेव्हा त्यांनी मला फक्त खोलीच्या दारापर्यंत चालून यायला सांगितलं आणि कागदावर ट्रेडमिल खोडलं. दोन्ही गुडघे झिजलेले आहेत. ट्रेडमिलच्या नेहमीच्या पद्धतीत दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही. 220 मधून वय वजा करून जो आकडा येतो त्याच्या निदान 85 टक्क्यांपर्यंत नाडी न्यावी लागते. माझे गुडघे त्याच्या कितीतरी आधी हात टेकणार, आणि मग निष्कर्ष काढता आला नाही असा शेरा मारून सगळ्यांचे कष्ट वाया जाणार. पोरांना मैदानाला फेऱ्या मारायला लावणाऱ्या बाईला धावण्यातून वैद्यकीय सूट मिळाली, यावर माजी विद्यार्थी किती खूश झाले असते ते मला माहीत आहे.

आता हे ताणाचं प्रकरण. प्रार्थनेला ओळीत उभी असताना वर्गातली सगळी मुलं ठणठणीत दिसतात. कोणाला दम लागतो ते पळवल्यावरच कळतं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं तसंच. लान्स गूल्ड या अमेरिकी डॉक्टरांनी 1974 मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं की वाहिनीचा व्यास 85 टक्क्यांच्या आसपास अरुंद होईपर्यंत विश्रांतीतला रक्तपुरवठा जवळजवळ तसाच राहतो. पण पूर्ण उघडल्यावर जो जास्तीत जास्त प्रवाह मिळायला हवा, तो वाहिनी साधारण निम्मी अरुंद झाली की घटायला लागतो. म्हणजे निवांत असताना काढलेलं चित्र बराच मोठा अडथळा असतानाही निर्दोष येऊ शकतं.

धावता येत नसेल तर वाहिन्या औषधाने उघडायच्या. अ‍ॅडेनोसिन, डायपिरिडॅमोल आणि रेगाडेनोसॉन या तिघांचं काम एवढंच. मला वाटलं होतं की औषध हृदयाला ऊर फुटेस्तोवर पळवणार. तसं होत नाही. नाडी थोडी वाढते, रक्तदाब थोडा उतरतो, पण हृदयाला खरी मेहनत फारशी पडत नाही. निरोगी वाहिन्या सैलावतात आणि त्यांतला प्रवाह विश्रांतीच्या तिप्पट-चौपट होतो. अरुंद झालेल्या वाहिनीने मात्र आधीच जमेल तेवढं सैलावून घेतलेलं असतं, तिच्याकडे आणखी सैलावायला काही शिल्लक नसतं. त्यामुळे तिच्या वाट्याचा स्नायू शेजारच्या स्नायूपेक्षा फिका दिसतो. हे सगळं तिथल्या डॉक्टरांनी माझ्या फायलीच्या पाठीमागे दोन नळ्या काढून समजावलं. बाहेर तोबा गर्दी असताना त्यांनी ते केलं, म्हणून विभागाच्या सातातला एक गुण त्या दोन नळ्यांचा.

हृदयाला खरोखर पळवणारं औषध वेगळं, डोब्युटामिन. ते थोड्या मात्रेने सुरू करून दर तीन मिनिटांनी वाढवत नेतात आणि तरीही नाडी वर गेली नाही तर अ‍ॅट्रोपिन देतात. ज्यांचा दमा उसळलेला आहे त्यांना अ‍ॅडेनोसिन चालत नाही, श्वासनळ्या आवळल्या जाऊ शकतात. अशा वेळी डोब्युटामिन कामाला येतं. हृदयातल्या विजेच्या वाटेत दुसऱ्या किंवा तिसऱ्या दर्जाचा अडथळा असेल आणि पेसमेकर नसेल, किंवा वरचं बीपी नव्वदच्या खाली असेल, तरी अ‍ॅडेनोसिन नको. उलट ईसीजीमध्ये ‘लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक’, म्हणजे विजेच्या डाव्या फांदीत अडथळा, असेल तर धावू शकणाऱ्या माणसालाही हेच औषध देणं पसंत करतात, कारण नाडी फार वाढली की हृदयाच्या मधल्या पडद्यात खोटा दोष दिसू शकतो. तेव्हा कोणतं औषध द्यायचं हे तुमच्या फुफ्फुसांवर आणि ईसीजीवर ठरतं. दम्याचा पंप वापरत असाल तर नाव नोंदवतानाच सांगून टाका, कोणी विचारायची वाट बघू नका.

पूर्वतयारीत विभागाचे गुण गेले. फोनवर सांगितलं होतं, ‘सकाळी काही खाऊ नका, चहा-कॉफी नको.’ बस्स, एवढंच. चहा-कॉफी का नको आणि किती आधीपासून नको, यावर एक अक्षर नाही. कॅफीन शरीरातल्या नेमक्या त्याच खुंट्यांवर जाऊन बसतं जिथे अ‍ॅडेनोसिनला बसायचं असतं. जागा आधीच अडलेली असली की औषध देऊनही वाहिन्या हव्या तेवढ्या उघडत नाहीत आणि अडथळा असूनही चित्र छान येऊ शकतं. म्हणून निदान 12 तास, आणि बऱ्याच ठिकाणी 24 तास, कॅफीन बंद ठेवायला सांगतात. त्यात कोला आला, चॉकलेट आलं, डिकॅफ कॉफीसुद्धा आली, कारण तिच्यातही थोडं कॅफीन उरतंच. डोकेदुखीच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांतही ते असतं. दम्यासाठी थिओफायलिन घेणाऱ्यांना ते किती आधी थांबवायचं हे वेगळं विचारावं लागतं, आणि पोटात डायपिरिडॅमोल जात असेल तर त्याचंही तसंच.

माझ्या पुढे नंबर असलेले एक काका उपाशीपोटी वेळेवर हजर होते. चहा आदल्या दिवसापासून बंद. सिस्टरने खोदून विचारलं तेव्हा निघालं की पहाटे डोकं दुखलं म्हणून त्यांनी एक गोळी घेतली होती. पाकीट खिशातच होतं. त्यावरची बारीक अक्षरं सिस्टरने मोबाइलच्या उजेडात वाचली आणि त्यात कॅफीन निघालं. काका परत गेले, पुढची तारीख घेऊन. सिस्टरने जे विचारलं ते बरोबरच विचारलं, पण हाच प्रश्न फोनवर झाला असता तर त्या माणसाची खेप वाचली असती. छापील पत्रक देणं इतकं अवघड नाही. सहलीला निघालेल्या मुलांच्या पालकांना आम्ही यापेक्षा सविस्तर सूचना देतो.

रोजच्या गोळ्यांबद्दलही असंच मोघम. बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंदावणारी गोळी, घ्यायचा की थांबवायचा हे औषधावर आणि तपासणी कशासाठी केली जातेय यावर ठरतं. डोब्युटामिन असेल तर बहुधा थांबवायला सांगतात, कारण दोघं एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. आपल्या मनाने काहीही बंद करू नये. मधुमेह असेल आणि इन्सुलिन घेत असाल तर उपाशी राहण्याच्या वेळेचं गणित आधीच विचारून घ्यावं.

सोबत भाची आली होती. तिला दिवस गेलेत. विभागाच्या दारावरच मोठ्या अक्षरात पाटी होती की गरोदर असाल तर आत येण्यापूर्वी सांगा. तिने सांगितलं आणि तिची रवानगी बाहेरच्या हॉलमध्ये झाली. ‘मावशी, फोन चालू ठेव, मी इथेच आहे,’ म्हणाली आणि नंतर दर थोड्या वेळाने ‘टोचलं का?’ असे मेसेज पाठवत बसली. सोबतीला कोणाला न्यायचं ते आधी ठरवताना हे लक्षात असू द्या. इंजेक्शन घेतलेल्या लोकांची बसायची खोली वेगळी असते, तिथे गरोदर बायका आणि लहान मुलं चालत नाहीत.

पहिलं इंजेक्शन विश्रांतीचं. सिरिंजवर जाडजूड धातूचं आवरण होतं, आणि ती शिशाच्या डब्यातून आली. डब्याचं झाकण उघडून मिटेपर्यंत तंत्रज्ञ मुलगा एक शब्द बोलला नाही, हात मात्र झरझर चालत होते. टोचताना काहीच जाणवत नाही. गरम नाही, गार नाही, चव नाही. कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन केलेल्यांना अंगातून गरम लाट गेलेली आठवत असेल, तसलं इथे काही नाही. टेक्नेशियमचा अर्धायुकाल 6 तासांचा, म्हणजे दर 6 तासांनी त्याची ताकद निम्मी होते. म्हणून डोस तुमच्या वेळेच्या हिशेबाने बनवलेला असतो आणि उशिरा पोचणाऱ्याची तिथे कोणालाच दया येत नाही. हे मला पसंत पडलं. शिट्टी वाजली की रांगेत.

हे टेक्नेशियम ज्या मॉलिब्डेनमपासून मिळवतात ते जगात मोजक्या अणुभट्ट्यांत तयार होतं. 2009 मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची भट्टी दुरुस्तीसाठी वर्षभराहून जास्त काळ बंद पडली तेव्हा ठिकठिकाणी अशा तपासण्या अडकल्या होत्या. ‘माल आला नाही, उद्या या’ असं कोणी सांगितलं तर तो नेहमीच बहाणा नसतो.

इंजेक्शननंतर पाऊण तास बसायचं, पाणी प्यायचं, फिरायचं. औषध स्नायूत मुरावं आणि यकृतातलं उतरावं म्हणून ही वाट बघायची असते. मग गॅमा कॅमेरा. बंद भुयार नाही, त्यामुळे कोंडल्यासारखं वाटणाऱ्यांनी घाबरू नये. काटकोनात बसवलेली दोन जाड डोकी छातीभोवती थांबत थांबत फिरतात. खरा त्रास खांद्यांना होतो, दोन्ही हात डोक्यावर घेऊन पंधरा-वीस मिनिटं हलायचं नाही. मुलांना हात वर करून उभं करायची शिक्षा आम्ही किती सहज देत होतो! तंत्रज्ञाने कोपरांखाली उशी दिली, ‘मॅडम, श्वास रोजच्यासारखा, मोठा श्वास नको, खोकला आला तर आधी सांगा’ एवढं सांगितलं आणि अधूनमधून किती वेळ राहिला ते सांगत राहिला. हे वेळ सांगणं फार मोलाचं असतं. नव्या सीझेडटी प्रकारच्या कॅमेऱ्यांना काही मिनिटंच पुरतात, पण इथे तो नव्हता.

आता ज्यासाठी लोक घाबरतात ते. ताणाची खोली.

पलंग अर्धवट उचललेला. छातीवर दहा ठिकाणी चिकटपट्ट्या, बीपीचा पट्टा दंडावर. वजन पुन्हा केलं, कारण अ‍ॅडेनोसिनचा डोस वजनावर असतो: दर किलोला दर मिनिटाला 140 मायक्रोग्रॅम, सहा मिनिटं. सत्तर किलोच्या माणसाला सगळं मिळून 60 मिलिग्रॅमच्या आत बसतं. ते हाताने टोचत नाहीत, सिरिंज पंपावर लावतात, म्हणजे थेंब एकसारखे जातात. कॅन्युलाला, म्हणजे शिरेत बसवलेल्या सुईला, जोडलेली नळी पुढे दुफाटी होती. एका फाट्यातून पंपाचं औषध, दुसऱ्यातून तिसऱ्या मिनिटाला टेक्नेशियम. हे दोन फाटे कशाला, असं विचारलं तर सिस्टर म्हणाली, एकाच नळीतून आयसोटोप, म्हणजे ते टेक्नेशियम, जोरात ढकललं तर नळीत साचलेलं अ‍ॅडेनोसिनही त्याच्याबरोबर एकदम आत जाईल आणि तुम्हाला ते झेपणार नाही. ट्रेमध्ये एक सिरिंज आधीच भरून ठेवली होती, वर चिकटपट्टीवर लिहिलेलं: अ‍ॅमिनोफायलिन. हा उतारा.

पंप सुरू करायच्या आधी डॉक्टरांनी जे सांगितलं त्यालाच मी सर्वांत जास्त गुण देते. ‘आता तुम्हाला चेहऱ्यावर गरम वाटेल, छातीवर दाब येईल, श्वास पुरत नाहीये असं वाटेल, गळा-जबडा धरल्यासारखा होईल. डोकंही जड होईल. दहातल्या आठ जणांना यातलं काही ना काही होतंच. छाती दाबली म्हणजे ब्लॉकेज निघालं असं नाही, हे औषधाचं काम आहे. पंप बंद केला की मिनिटाभरात जाईल. सहन झालं नाही तर हात वर करा, आम्ही थांबवू.’

मग ते सगळं झालं. अर्ध्या मिनिटात कान तापले. दुसऱ्या मिनिटाला छातीवर वजन आलं, आणि श्वास घेतोय पण पुरत नाहीये असं वाटायला लागलं. मॉनिटरचा टिकटिक आवाज मध्येच एकदा चुकला. एक ठोका गळला. मी डॉक्टरांकडे बघितलं, ते पडद्याकडेच बघत होते आणि माझ्याकडे न वळता म्हणाले, ‘दिसलं मला, चालतं हे.’ अ‍ॅडेनोसिनने विजेची वाट काही क्षण अडू शकते, म्हणूनच तर ईसीजी सतत चालू ठेवतात. तिसऱ्या मिनिटाला तंत्रज्ञाने दुसऱ्या फाट्यातून आयसोटोप ढकललं आणि मागून सलाईन. याच्यानंतरची तीन मिनिटं लांब वाटतात, कारण काम झालंय असं वाटतं आणि पंप चालूच असतो. आयसोटोप स्नायूत शिरेपर्यंत वाहिन्या उघड्याच राहायला हव्यात, म्हणून तो चालू ठेवतात. सिस्टरने पाय हलवत राहायला सांगितलं, पंजे पुढे-मागे. त्याने बरं वाटतं खरंच, आणि जमणाऱ्यांना तर काही ठिकाणी औषधाबरोबर हळू चालवतातही.

पंप बंद झाला. मी घड्याळाकडे बघत होते. छातीवरचं ओझं एका मिनिटाच्या आत गेलं. कमी झालं असं नव्हे, गेलंच. अ‍ॅडेनोसिनचा रक्तातला अर्धायुकाल दहा सेकंदांपेक्षाही कमी, त्यामुळे ते आलं तसं जातं. अ‍ॅमिनोफायलिनची सिरिंज न वापरता परत गेली. चेहऱ्याचा लालपणा तेवढा थोडा वेळ राहिला.

रेगाडेनोसॉन मिळालेल्या एका बाईंशी नंतर वेटिंग रूममध्ये गप्पा झाल्या. त्याला पंप लागत नाही, वजनही मोजावं लागत नाही. सगळ्यांना एकच डोस, 0.4 मिलिग्रॅम, दहा-एक सेकंदांत टोचायचं, मागून सलाईन आणि लगेच आयसोटोप. अमेरिकेत 2008 मध्ये त्याला मान्यता मिळाली. ते मुख्यतः हृदयाच्या वाहिन्या उघडणाऱ्या खुंटीलाच धरतं. पण अ‍ॅडेनोसिनइतकं चटकन उतरत नाही. त्या बाईंना मळमळ आणि डोकेदुखी बराच वेळ होती, तिथल्या डॉक्टरांनी त्यांना उतारा दिला तेव्हा कुठे त्या बसत्या झाल्या. मला निवड दिली तर मी पुन्हा सहा मिनिटंच घेईन, पंप थांबवायचं बटण कोणाच्या तरी हाताखाली आहे हे माहीत असलेलं बरं.

यानंतर पुन्हा वाट. पुन्हा पाणी. काहीतरी स्निग्ध खायला सांगतात, म्हणजे पित्ताशय रिकामं होऊन यकृताजवळचा झगमगाट कमी होतो. माझं दुसरं चित्र एकदा काढून झाल्यावर तंत्रज्ञाने मला उठू दिलं नाही. आतड्याची एक वेटोळी हृदयाच्या खालच्या भिंतीला खेटून चमकत होती, चित्रात ती भिंत धड वाचताच येत नव्हती. त्याने पडदा माझ्याकडे वळवून दाखवलं. हृदयाचे आडवे काप गोल कड्यांसारखे ओळीने मांडलेले, आणि खालच्या बाजूला नको तिथे एक पिवळा पांढरा ठिपका, कड्यांपेक्षाही तेजस्वी. ‘वीस मिनिटं फिरून या मॅडम, पाणी प्या, पुन्हा काढू.’ पुन्हा काढलं. कंटाळा आला होता, पण तसंच पुढे रेटण्यापेक्षा परत काढणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो. त्याचा एक गुण त्याला.

सकाळी गेलेली मी दुपार कलल्यावर सुटले. इतका वेळ लागतो, तयारीने जा. काही केंद्रं आधी ताणाचं चित्र काढतात, आणि ते स्वच्छ आलं तर विश्रांतीचं काढतच नाहीत. वेळ आणि किरणोत्सार दोन्ही वाचतं. नाव नोंदवताना विचारायला हरकत नाही.

किरणोत्साराबद्दल सगळेच विचारतात. टेक्नेशियम दोनदा दिलं की साधारण 10 मिलिसिव्हर्टच्या (हे किरणोत्साराचं माप) आसपास डोस पडतो. माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळत असतात, म्हणजे चार वर्षांचं एकदम. थॅलियमने याहून जास्त पडतो, रुबिडियम वापरून पेट (PET) हा वेगळ्या प्रकारचा स्कॅन केला तर बराच कमी. हौसेने दरवर्षी करायची ही तपासणी नाही, पण तक्रार खरी असेल तर यासाठी टाळण्यासारखीही नाही. त्या दिवशी पाणी भरपूर प्यायचं आणि लघवीला जात राहायचं. भाचीला घरी जाताना पुढच्या सीटवर बसवलं, मी मागे. संध्याकाळपर्यंत अंतर ठेवा असं सांगितलं होतं. बाळाला अंगावर पाजणाऱ्यांनी किती वेळ पाजायचं नाही ते आधी विचारावं. पुढच्या काही दिवसांत विमानतळावर जायचं असेल तर विभागाकडून चिठ्ठी घेऊन ठेवावी, तिथली यंत्रं वाजू शकतात.

आता अहवाल. विभागाचे उरलेले गुण इथे गेले.

काउंटरवरच्या मुलीने सही घेतली आणि लिफाफा दिला. उघडला तर पहिल्याच परिच्छेदात ‘पुढच्या भिंतीत सौम्य फिक्स्ड डिफेक्ट’. घरी येईपर्यंत मी मोबाइलवर वाचलं होतं की फिक्स्ड, म्हणजे दोन्ही चित्रांत सारखाच दिसणारा दोष म्हणजे मेलेला स्नायू, जुन्या अ‍ॅटॅकची खूण. ताणात दिसून विश्रांतीत भरून निघणारा तो रिव्हर्सिबल, म्हणजे जिवंत पण रक्ताला तहानलेला स्नायू. माझ्या नकळत मला अ‍ॅटॅक येऊन गेला तर! रात्र तशीच गेली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तेच पान उलटून खालच्या ओळी वाचून दाखवल्या. कॅमेरा ईसीजीच्या तालावर चित्र घेतो, प्रत्येक ठोक्याचे 8 किंवा 16 भाग पाडून, त्यामुळे भिंत हलते कशी तेही दिसतं. मेलेला स्नायू हलत नाही. माझी पुढची भिंत व्यवस्थित आकुंचन पावत होती, इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते, 64 टक्के. आणि त्याच कॅमेऱ्यावरच्या सीटीने दुरुस्त केलेल्या चित्रांत तो दोष भरूनच निघाला होता. ती स्तनाची सावली होती. बायकांमध्ये पुढच्या भिंतीवर स्तनाची पडते, पुरुषांमध्ये बहुधा खालच्या भिंतीवर श्वासपटलाची, म्हणजे डायफ्रॅमची. अहवाल लिहिणाऱ्याने हे सगळं नीट लिहिलं होतं, शेवटच्या परिच्छेदात. पण शेवटचा परिच्छेद कोण आधी वाचतं? लिफाफा देताना काउंटरवर एवढंच म्हणायचं होतं, ‘डॉक्टरांनी निष्कर्ष नॉर्मल लिहिलाय, बाकी ते समजावतील.’

नॉर्मलचा अर्थही मी विचारून घेतला. असा स्वच्छ स्कॅन आला की पुढच्या वर्षभरात अ‍ॅटॅकची किंवा हृदयाने दगावण्याची शक्यता साधारण शंभरात एकाहून कमी. वाहिन्यांत चरबीचा थर अजिबात नाही असा त्याचा अर्थ नव्हे. रक्त अडवण्याइतकं काही नाही, एवढाच. आणि एक पळवाट डॉक्टरांनी स्वतःहून सांगितली: हा स्कॅन एका भागाची दुसऱ्या भागाशी तुलना करतो. तिन्ही मुख्य वाहिन्या सारख्याच तुंबलेल्या असतील तर सगळाच स्नायू सारखा फिका आणि चित्र वरवर चांगलं दिसू शकतं. म्हणून ते नुसत्या रंगांवर जात नाहीत. ताणानंतर हृदयाची पोकळी मोठी दिसते का, पंपिंग घसरतं का, तेही बघतात. पेटवर तर दर ग्रॅम स्नायूमागे मिनिटाला किती मिलिलीटर रक्त जातं ते थेट मोजता येतं, तिथे ही अडचण कमी. माझ्या बाबतीत पोकळी जशीच्या तशी होती. धापेचं कारण आता रक्ताच्या तपासण्यांतून शोधतायत, हिमोग्लोबिनवर संशय आहे. कोलेस्टेरॉलची गोळी चालूच आहे.

पुन्हा करायची पाळी आली तर मी याच विभागात जाईन. ताणाच्या खोलीतली माणसं तयारीची आहेत आणि कॅमेऱ्यावरचा मुलगा घाईत चित्र उरकत नाही. फक्त नाव नोंदवताना माझ्या सगळ्या गोळ्यांची यादी फोनवर वाचून दाखवीन, आणि अहवाल काउंटरवरून न उचलता थेट डॉक्टरांकडे पाठवायला सांगेन.